शेक नव्हे, डोस!

कॅन्सरवरच्या उपचारांमध्ये सगळ्यात जास्त अन्याय कुठल्या उपचारावर झालाय, असं मला कुणी विचारलं (कुणी विचारत नाही, पण वीकेंडला आपले प्रश्न आपणच काढायचे आणि आपणच सोडवायचे असतात), तर माझं उत्तर ठरलेलं आहे: उष्णतेवर. हो, उष्णता. नवं औषध नाही, जीन थेरपी नाही, साधी बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीची उष्णता.

आणि हा अन्याय दोन्ही बाजूंनी झालाय हे विशेष. एका बाजूला "रोज गरम पाणी प्या, कॅन्सरच्या पेशी जळून जातात" असे मेसेज फॉरवर्ड करणारे काका लोक आणि त्यांच्या भोळेपणावर दुकान चालवणारे. दुसऱ्या बाजूला "हायपरथर्मिया ना? ते जुनं झालं हो, त्यात काही दम निघाला नाही" म्हणून विषय संपवणारे शिकलेसवरलेले लोक. पहिल्यांनी उष्णतेचं नाव खराब केलं. दुसऱ्यांनी त्या खराब नावाकडे बोट दाखवून हात झटकले. मधल्या मध्ये मार खातोय तो पेशंट.

मी डॉक्टर नाही. कुणी काय उपचार घ्यावेत हे सांगायचा मला अधिकार नाही आणि इथे तसं सांगतही नाहीये. पण या उष्णतेच्या गोष्टीत औषधशास्त्र जितकं आहे तितकंच इंजिनीअरिंग आहे. आणि जिथे माप न घेता "सिस्टिम चालत नाही" असा निष्कर्ष काढला जातो, तिथे इंजिनीअरने तोंड उघडायला हरकत नसावी.

आधी भाषेतला एक घोळ निस्तरू. आपल्याकडे बरेच जण रेडिएशनला 'शेक' म्हणतात. "आईला पंचवीस शेक दिले" वगैरे. ऐकणाऱ्याला वाटतं की रेडिएशन म्हणजे काहीतरी भाजण्याचा, तापवण्याचा प्रकार. आता बारावीचं फिजिक्स आठवा. रेडिएशनचा रोजचा डोस साधारण २ ग्रे असतो. १ ग्रे म्हणजे एका किलोमागे १ ज्यूल ऊर्जा. पाण्याचा एक किलो १ डिग्रीने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. करा भागाकार. २ ग्रेमुळे शरीराचं तापमान वाढतं ते डिग्रीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी! म्हणजे ज्याला आपण शेक म्हणतो त्यात शेक नावालाही नाही. रेडिएशन काम करतं ते पेशीच्या डीएनएचे तुकडे करून. खरा शेक हा वेगळाच उपचार आहे आणि त्याचं नाव कुणाला माहीतच नाही.

हा खरा शेक, म्हणजे हायपरथर्मिया, असा: ट्यूमर आणि त्याच्या आजूबाजूचा भाग ४० ते ४३ डिग्रीपर्यंत तापवायचा आणि तासभर तिथेच धरून ठेवायचा. एकटा नाही, रेडिएशन किंवा केमोच्या जोडीला. 'जोडीला' या शब्दाखाली दोन रेघा मारा, कारण सगळी फसवाफसवी तो शब्द गाळूनच होते. लिव्हरमधली गाठ सुई खुपसून जाळतात, ते वेगळं. तिथे तापमान साठ डिग्रीच्या वर जातं आणि पेशी शिजतात. हायपरथर्मियात काही शिजत नाही. इथे उष्णता स्वतः खून करत नाही, ती दुसऱ्याला मदत करते.

मदत कशी, ते फार सुंदर आहे. मोठ्या ट्यूमरच्या आत रक्तपुरवठा धड नसतो, त्यामुळे तिथे ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त. ऑक्सिजन कमी असला की रेडिएशनचा परिणाम कमी होतो. म्हणजे ट्यूमरच्या पोटातल्या पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत. पण नेमक्या याच उपाशी, आंबट पेशी उष्णतेला सगळ्यात कच्च्या असतात. पेशी स्वतःच्या डीएनएची कॉपी काढत असते त्या काळाचंही तेच, रेडिएशनला टणक आणि उष्णतेला हळवी. शिवाय थोडी ऊब मिळाली की रक्तप्रवाह वाढतो, त्यासोबत ऑक्सिजन आणि केमोचं औषध दोन्ही आत पोचतं. आणि तिसरी गोष्ट, रेडिएशनने डीएनए तोडल्यावर पेशी तो दुरुस्त करायला बसते, त्या दुरुस्ती खात्याचं काम उष्णता काही तास बंद पाडते. बीआरसीए-२ हे त्या खात्यातलं एक महत्त्वाचं प्रोटीन. साधारण ४१-४२ डिग्रीला ते मोडीत निघतं, हे २०११ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं. थोडक्यात, रेडिएशनने दरवाजा फोडायचा आणि उष्णतेने सुताराला सुट्टी द्यायची.

मग अडलंय कुठे? अडलंय 'खोल' या शब्दावर.

छातीवरची, मानेवरची गाठ तापवणं तुलनेने सोपं. पण गर्भाशयाचं मुख, मूत्राशय, गुदाशय, मांडीच्या आतला सार्कोमा, ही मंडळी त्वचेपासून दहा-बारा सेंटिमीटर आत बसलेली. गरम पाण्याची पिशवी तिथे पोचत नाही. गरम पाणी पिऊन तर नाहीच नाही. आपलं शरीर म्हणजे अव्वल दर्जाची कूलिंग सिस्टिम आहे, बाहेरून आलेली उष्णता रक्त आणि घाम मिळून पळवून लावतात. बरं, मायक्रोवेव्ह ओव्हनची फ्रिक्वेन्सी वापरावी तर ती स्नायूत दोन-एक सेंटिमीटर शिरते आणि दम टाकते. खोल जायचं तर फ्रिक्वेन्सी खाली आणावी लागते, साधारण ७० ते १२० मेगाहर्ट्झ. एफएम रेडिओच्या शेजारपाजारची गल्ली. पण फ्रिक्वेन्सी उतरली की तरंगलांबी वाढते आणि नेम धरणं अवघड होतं.

यावरचा तोडगा म्हणजे फेज्ड ॲरे. पेशंटच्या कमरेभोवती अँटेनांचं कडं. प्रत्येक अँटेनाची पॉवर आणि फेज वेगवेगळी ठरवायची, अशी की सगळ्या लाटा नेमक्या ट्यूमरपाशी एकमेकींत मिसळून मोठ्या होतील आणि इतरत्र एकमेकींना खातील. कड्याच्या आणि अंगाच्या मध्ये पाण्याची पिशवी, लाटा आत जायला मदत म्हणून आणि त्वचा थंड राहावी म्हणून. आणि मूत्राशयात, गुदाशयात, योनीमार्गात तापमान मोजणाऱ्या बारीक तारा. काही ठिकाणी तर एमआरआयमध्येच झोपवून तापमानाचा नकाशा काढतात. (सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरला झोपा काढणाऱ्यांनो, बघा ते कुठे कामाला येतं.)

तापमान मोजून पुढे काय? तर त्याचा डोस काढता येतो. १९८४ साली सपारेटो आणि ड्युई यांनी एक हिशोब मांडला. ४३ डिग्रीला एक मिनिट हे एकक धरायचं. ४३ च्या वर एक डिग्री चढलात की तेवढ्याच परिणामाला निम्मा वेळ पुरतो. ४३ च्या खाली एक डिग्री उतरलात की चौपट वेळ लागतो. म्हणजे ४२ डिग्रीला एक तास हा ४३ डिग्रीच्या पंधरा मिनिटांइतका आणि ४१ डिग्रीला एक तास हा पावणेचार मिनिटांइतका. दोन डिग्रीच्या फरकाने तासाची पावणेचार मिनिटं! आता सांगा, "आम्ही पेशंटला हायपरथर्मिया दिला" या वाक्याला, तापमानाचा आकडा नसेल तर, काय अर्थ उरतो? "आम्ही पेशंटला गोळी दिली" इतकाच. कुठली, किती मिलिग्रॅम, काही पत्ता नाही.

नेमकं इथेच उष्णतेचं नशीब फुटलं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आरटीओजी या संस्थेने त्वचेजवळच्या गाठींवर मोठी चाचणी घेतली. रेडिएशन विरुद्ध रेडिएशन अधिक उष्णता. एकूण निकाल: फरक नाही. पण आत डोकावून पाहिलं तर ३ सेंटिमीटरपेक्षा छोट्या गाठींमध्ये फायदा दिसत होता आणि मोठ्या गाठींमध्ये दिसत नव्हता, कारण त्या काळच्या उपकरणांनी मोठ्या गाठी नीट तापतच नव्हत्या. बंबात लाकडंच घातली नाहीत आणि रिपोर्ट काय, तर गरम पाण्याने मळ निघत नाही! यातून निघायला हवा होता तो निष्कर्ष "आधी नीट तापवायला शिका" असा. काही लोकांनी तो काढलाही, मापाचे नियम बनवले. पण बाकी जगाने ऐकलं ते एवढंच: हायपरथर्मिया फेल.

नीट तापवायला शिकलेल्या लोकांचं काय झालं ते बघा. नेदरलँड्समध्ये १९९० ते १९९६ या काळात ओटीपोटातले खोल ट्यूमर असलेल्या ३५८ पेशंट्सवर चाचणी झाली. निम्म्यांना फक्त रेडिएशन, निम्म्यांना रेडिएशन आणि आठवड्यातून एकदा उष्णता, असे एकूण पाच वेळा. निकाल २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ट्यूमर पूर्ण नाहीसा होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर. यातल्या ११४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या. त्यांच्यात हेच प्रमाण ५७ वरून ८३. आणि तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्या: फक्त रेडिएशनवाल्या २७ टक्के, उष्णतेवाल्या ५१ टक्के. हे पुसून जाणारं यश नव्हतं. बारा वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा २० टक्के विरुद्ध ३७ टक्के असा फरक शिल्लक होता आणि रेडिएशनचे उशिरा दिसणारे दुष्परिणाम उष्णतेमुळे वाढलेले नव्हते.

केमोच्या जोडीचं उदाहरण हवं असेल तर सार्कोमा घ्या. युरोपातली चाचणी, ३४१ पेशंट, जर्मनीतल्या म्युनिकचे डॉ. रोल्फ इसेल्स तिचे प्रमुख. केमो विरुद्ध केमो अधिक उष्णता. २०१८ साली दहा वर्षांचे आकडे आले: केमोवाले ४२.७ टक्के जिवंत, जोडीला उष्णता घेतलेले ५२.६ टक्के. शंभरात दहा माणसं जास्त, दहा वर्षांनंतर. असा आकडा एखाद्या नव्या गोळीने दिला असता तर कंपनीचा शेअर कुठे गेला असता, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर माझ्यात आणि फॉरवर्डवाल्या काकांत फरक तो काय? डच चाचणीतही सगळीकडे आनंदीआनंद नव्हता. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीचा फायदा पुढे टिकला नाही, गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये धड दिसलाच नाही. टीकाकारांनी असंही म्हटलं की फक्त रेडिएशनवाल्या गटाचा निकाल अपेक्षेपेक्षा वाईट होता, म्हणून उष्णता उजळ दिसली. मुद्दा खोडण्यासारखा नाही. मग २००५ साली इंटरनॅशनल ॲटॉमिक एनर्जी एजन्सीच्या पुढाकाराने झालेल्या अनेक देशांतल्या चाचणीचा निकाल आला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, ११० पेशंट. फायदा शून्य. उलट दुसऱ्या टप्प्याच्या 'बी' गटात उष्णता दिलेल्या बायका कमी जगल्या. तिथलं तापवण्याचं तंत्र वेगळं होतं, ॲरे नव्हे तर दोन प्लेट्समध्ये शरीर ठेवायचं, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पण "आमच्या पद्धतीने केलं असतं तर चाललं असतं" हे वाक्य आपण प्रत्येक प्रोजेक्टच्या पोस्टमॉर्टेममध्ये ऐकतो. ते खरं असूही शकतं, पण सिद्ध करावं लागतं.

२०१६ साली जपानच्या चाचणीत, रेडिएशन आणि केमो दोन्ही दिलेल्या १०१ बायकांमध्ये, उष्णतेमुळे पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ६४.८ वरून ७७.८ टक्के दिसलं, पण संख्या इतकी लहान की तो फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि उष्णता रेडिएशननंतर किती मिनिटांत द्यायची यावर ॲम्स्टरडॅम आणि रॉटरडॅम यांच्यातच एकमत नाही. २०१७ साली ॲम्स्टरडॅमवाले म्हणाले जितकी लवकर तितकी बरी, २०१९ साली रॉटरडॅमवाले म्हणाले आमच्या डेटात तसा काही फरक दिसत नाही. तासाभराच्या अंतरावरची दोन गावं!

पण या सगळ्या गोंधळात एक गोष्ट पक्की हाती लागते. २००९ साली रॉटरडॅमच्या ४२० पेशंट्सचे तापमानाचे आकडे तपासले तेव्हा दिसलं की जिथे उष्णतेचा डोस जास्त बसला तिथे ट्यूमरचा प्रतिसादही जास्त होता. डोस वाढला की परिणाम वाढतो, हे औषधाचं लक्षण आहे. जादूटोण्याचं नाही आणि 'काही दम नाही'चंही नाही.

मग हे औषध मागे का पडलं? एक कारण निव्वळ वेळेचं. १९९९ च्या सुरुवातीला पाच चाचण्यांनी दाखवलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन दिलं की बायका जास्त जगतात. जगाने एका वर्षात उपचार बदलले. डच पेपर आला २००० साली. म्हणजे उष्णता ज्या प्रतिस्पर्ध्याला हरवून आली, तो तोवर निवृत्त झाला होता. सिस्प्लॅटिन स्वस्त, कुठेही मिळतं, सलाइनमधून देता येतं. उष्णतेला मशीन हवं, ते चालवायला फिजिसिस्ट हवा, दर वेळी दीड-दोन तास हवेत, पेशंटला घामाघूम होऊन पडून राहावं लागतं, कधी त्वचेखालच्या चरबीत भाजून गाठी येतात. कोण निवडेल?

दुसरं कारण पैशाचं. उष्णतेवर पेटंट घेता येत नाही. मशीनवर घेता येतं, पण मशीन एकदा विकलं की विकलं. पेंब्रोलिझुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध आहे, २०२३ या एका वर्षात त्याची विक्री २५ अब्ज डॉलर होती. त्यानेही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन-केमोच्या जोडीला फायदा दाखवलाय: २०२४ च्या निकालांनुसार तीन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ७४.८ वरून ८२.६ टक्के. उत्तम औषध आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याची चाचणी १,०६० बायकांवर झाली, कारण त्यामागे तो खर्च उचलणारी आणि पुढे वसूल करणारी कंपनी उभी होती. उष्णतेच्या मागे कोण उभं आहे? शे-दीडशे पेशंटच्या चाचण्या घ्यायच्या आणि मग म्हणायचं "पुरावा अपुरा आहे". अरे, अपुरा आहे कारण तुम्ही पुरा केला नाहीत!

"हे सगळं युरोपचं कौतुक, आपल्याला काय त्याचं?" असं म्हणणाऱ्यांसाठी आता आपल्या घरचं.

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या वर्षाला सव्वा लाखाहून जास्त नव्या केसेस आणि सुमारे ८०,००० मृत्यू. यातल्या कितीतरी जणी उशिरा येतात. अंगावर काढतात, कारण घरचं सगळं उरकल्याशिवाय स्वतःचं दुखणं बाईच्या यादीत येतच नाही. तिसऱ्या टप्प्यात ट्यूमर मूत्रवाहिनीला दाबतो, लघवी अडते, किडनी सुजते, क्रिएटिनिन चढतं. आणि सिस्प्लॅटिन हे किडनीला त्रास देणारं औषध. म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज तिलाच ते देता येत नाही! तिच्या वाट्याला उरतं नुसतं रेडिएशन.

नुसत्या रेडिएशनवर काय होतं, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलने मोजून ठेवलंय. २००३ ते २०११ या काळात त्यांनी तिसऱ्या टप्प्याच्या 'बी' गटातल्या ८५० बायकांवर चाचणी घेतली. २०१८ साली छापून आलेले आकडे: पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या, सिस्प्लॅटिनसह ५४ टक्के, नुसत्या रेडिएशनवर ४६ टक्के. बरं, चाचणीत घेताना किडनी धड असलेल्याच बायका घ्याव्या लागतात, कारण निम्म्यांना सिस्प्लॅटिन द्यायचं असतं. जिची किडनी आधीच गेली आहे ती या आकड्यांत नाहीच. तिच्यासाठी आपल्याकडे काय आहे? नेदरलँड्समध्ये अशा बाईला रेडिएशनसोबत उष्णता देतात. अमेरिकेच्या एफडीएने २०११ साली एका हायपरथर्मिया मशीनला खास परवानगी दिली ती याच कारणासाठी: गर्भाशयमुखाचा कॅन्सर, रेडिएशन चालू आणि केमो देता येत नाही. आपल्याकडे तिला काय मिळतं? सहानुभूती.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. विलेपार्ल्याच्या नानावटी हॉस्पिटलमध्ये डॉ. नागराज हुइलगोळ यांनी डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरवर रेडिएशन आणि उष्णतेची चाचणी घेतली, २०१० साली ती छापून आली. ट्यूमर पूर्ण नाहीसा होण्याचं प्रमाण ४२.४ वरून ७८.६ टक्के. चाचणी छोटीच, पण मुंबईत, आपल्या तंबाखूवाल्या पेशंट्सवर केलेली. २०२२ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधल्या मेडिकल कॉलेजातून डॉ. निलॉय दत्ता आणि सहकाऱ्यांनी सविस्तर लेख लिहून हेच मांडलं की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना हायपरथर्मियाचा उपयोग सगळ्यात जास्त आहे. सेवाग्रामला कळतं, मग ज्यांच्या हातात पैसा आहे त्यांना का कळू नये?

यावर हमखास येणारे दोन आक्षेप. पहिला: "आधी लस द्या, तपासणी करा, रेडिएशनची मशीन्स तर पुरेशी आहेत का?" शंभर टक्के मान्य. पण आज बारा वर्षांच्या मुलीला दिलेली लस तिच्या पन्नाशीच्या आजीला वाचवणार नाही. 'आधी ते' म्हणत 'हे' कायमचं टाळायचं, ही आपली जुनी खोड आहे. मी गावोगाव मशीन्स वाटा म्हणत नाहीये. जिथे रेडिएशन, ब्रॅकीथेरपी आणि फिजिसिस्ट हे तिन्ही धड आहेत, अशा मोजक्या सरकारी केंद्रांत सुरुवात करा म्हणतोय.

दुसरा आक्षेप: "पुरावा पक्का नाही." मग पक्का करा की! ज्या देशाने एका हॉस्पिटलच्या जोरावर ८५० बायकांची चाचणी पूर्ण केली, तो सिस्प्लॅटिन न चालणाऱ्या बायकांमध्ये रेडिएशन विरुद्ध रेडिएशन अधिक नीट मोजलेली उष्णता ही चाचणी करू शकत नाही? पेशंट इथे आहेत, प्रश्न इथला आहे. निकाल नाही आला तर नाही आला, फाईल कायमची बंद करू. पण आज ती फाईल न वाचताच बंद आहे.

आता उरले दुकानदार. एका मित्राच्या काकूंसाठी आलेलं एक चकचकीत ब्रोशर मी वाचलंय. त्यात 'केमोची गरज नाही', 'साइड इफेक्ट शून्य', 'जर्मन तंत्रज्ञान' हे सगळं होतं. तापमानाचा आकडा एकाही पानावर नव्हता. पॅकेजचा आकडा मात्र ठळक होता. या लोकांचा मला डॉक्टरांपेक्षा जास्त राग येतो, कारण खऱ्या उपचाराची कबर हेच खणतात. तेव्हा कुणी तुमच्या माणसाला 'हीट थेरपी' विकायला आला तर चार प्रश्न विचारा. रेडिएशन किंवा केमोच्या जोडीला देणार की त्याऐवजी? ट्यूमरच्या आत किंवा जवळ तापमान कसं मोजणार? प्रत्येक वेळचा तापमानाचा रेकॉर्ड आम्हाला देणार का? आणि आमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलून वेळा ठरवणार का? पहिल्याच प्रश्नाला 'त्याऐवजी' असं उत्तर आलं तर पुढचे तीन विचारायचीही गरज नाही, चपला घाला आणि निघा.

आणि तुमच्या माणसाला सिस्प्लॅटिन देता येत नाही असं डॉक्टर म्हणाले, तर एक पाचवा प्रश्न त्यांनाही विचारा, नम्रपणे पण नक्की: "हायपरथर्मियाचा विचार झालाय का?" कदाचित उत्तर 'नाही, कारण इथे सोय नाही' असं येईल. येऊ दे. असं उत्तर शंभर वेळा द्यावं लागलं की कुणीतरी सोय का नाही हे वरच्याला विचारतं. सीएसआरच्या नावाखाली आपल्या कंपन्या दर वर्षी झाडं लावतात आणि टी-शर्ट वाटतात. पुढच्या मीटिंगमध्ये कुणी आयडिया मागितली तर एखाद्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला हायपरथर्मिया मशीन आणि ते चालवणाऱ्या फिजिसिस्टचा पाच वर्षांचा पगार, हे सुचवून बघा. मी माझ्याकडे सोमवारी सुचवणार आहे.